‘कंडिशन ए-वन’ असं म्हणतंय कोण? जुना ट्रॅक्टर लांबून घेण्यामागचा इतिहास

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बसच्या गर्दीत ज्यांना नीट ऐकू येत नाही, ज्यांना आकडे आणि सनावळ्या डोळ्यांसमोर हव्या असतात, त्यांच्यासाठी.

मोबाईलवर जुन्या ट्रॅक्टरची कुठलीही जाहिरात उघडा. चार फोटो असतात. त्यातले दोन बॉनेटचे, एक टायरचा आणि एक मालकाच्या मुलाचा, स्टिअरिंगवर बसलेला. खाली मजकूर ठरलेला: ‘एकहाती वापर, कागदपत्रे क्लिअर, कंडिशन ए-वन, घ्या आणि चालवा.’ ट्रॅक्टर असतो आपल्यापासून आठशे किलोमीटरवर. आणि खाली विक्रेत्याचा नंबर, ‘टोकन पाठवा, गाडी तुमच्यासाठी ठेवतो.’

आज आपण याच ओळीतला एक शब्द उचलणार आहोत. ‘ए-वन’. हा शब्द आला कुठून, आणि तो म्हणायचा अधिकार मुळात कोणाचा होता?

बोटीचा ‘ए’ आणि नांगराचा ‘१’

अठराव्या शतकातलं लंडन. जहाजांचा विमा उतरवणारे व्यापारी एडवर्ड लॉइडने सुरू केलेल्या कॉफीहाऊसच्या परंपरेत एकत्र जमायचे. त्यांची अडचण साधी होती. जहाज कुठल्या तरी लांबच्या बंदरात उभं, मालक सांगतो ‘उत्तम आहे’, आणि पैसे लावायचे यांनी, लंडनमध्ये बसून. जहाज बुडालं की हेही बुडाले.

म्हणून १७६० मध्ये त्यांनी एक संस्था काढली आणि जहाजांची नोंदवही ठेवायला सुरुवात केली. बंदराबंदरात आपली माणसं नेमली. ही माणसं कोण? निवृत्त कप्तान आणि जहाज बांधणारे सुतार. ते जहाजावर चढायचे, लाकूड ठोकून बघायचे आणि शेरा द्यायचे. जहाजाच्या सांगाड्याला ए, ई, आय, ओ, यू अशी अक्षरं. दोर, शिडं, नांगर अशा सामानाला वेगळा शेरा, आणि पुढे त्यासाठी १, २, ३ असे आकडे आले. सांगाडा ‘ए’ आणि सामान ‘१’, म्हणजे जहाज ए-वन. आपण ‘ए-वन मिसळ’ म्हणतो ना, ते इथून आलंय.

पुढची गंमत बघा. ही वही विमेवाल्यांची होती, तिला हिरवी वही म्हणायचे. तिच्यातले शेरे जहाजमालकांना पटेनात, म्हणून १७९९ मध्ये मालकांनी स्वतःची लाल वही काढली. पस्तीस वर्षं दोन्ही वह्या एकमेकींशी भांडल्या, दोन्हींचं दिवाळं निघायची वेळ आली, आणि १८३४ मध्ये त्या एक झाल्या. भांडण कशावरून होतं? तपासणारा माणूस कोणाचा, यावरून.

आता पुन्हा मोबाईलवरची जाहिरात वाचा. तिथे ‘ए-वन’ लिहिलंय कोणी? विकणाऱ्याने, स्वतःच्याच मालाला. ज्याला पारखायचं त्याच्याच हातात शिक्का.

दात मोजणारा बाजार

आपल्याकडे शेतीचं सगळ्यात महागडं ‘जुनं यंत्र’ होतं बैल. आणि त्याची तपासणी कशी करायची याचं एक अख्खं शास्त्र चाकणच्या किंवा कुठल्याही गुरांच्या बाजारात तुम्हाला अजून ऐकायला मिळेल.

पहिलं बघायचे ते दात. दुधाचे दात असतील तर आदत. दोन कायमचे आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती, आणि आठही आले की जुळलेला. साधारण पाचेक वर्षांचा बैल जुळतो, त्याच्यापुढे वय सांगायला दातांची झीज बघावी लागते. म्हणजे हा बैलाचा अवरमीटर, आणि तो मागे फिरवता येत नाही. बाकी सगळं फिरवता येतं. शिंगं तासून, तेल लावून बैल तरुण दाखवता येतो. आज जुन्या ट्रॅक्टरला बाजारात न्यायच्या आधी नवा रंग मारतात, तसंच.

दातांनंतर खूर, खांदा, डोळे आणि चाल. मग खोडी विचारायच्या: मारका आहे का, औत ओढताना मध्येच बसतो का, लाथा झाडतो का. एवढ्यावर समाधान नसेल तर औताला किंवा भरल्या गाडीला जुंपून बघायचं. भाव मात्र रुमालाखाली, बोटं धरून ठरायचा, चारचौघांना कळू न देता. यात मला एक गोष्ट फार आवडते. किंमत झाकलेली आणि माल उघडा. फोनवरच्या बाजारात नेमकं उलटं झालंय: किंमत मोठ्या अक्षरात आणि माल झाकलेला.

बाजारात जाणारा शेतकरी एकटा जायचा नाही. गावातला बैलाचा जाणकार सोबत न्यायचा. समोर हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, दिवसाला वीस बैल विकणारा. आपण आयुष्यात पाच-सहा घेणार. हा फरक भरून काढायला सोबतचा माणूस लागायचा. त्याला मिळायचं काय? चहा, जेवण, फार तर एखादा सदरा. पण संध्याकाळी तो परत आपल्याच गावात यायचा, आणि बैल बसका निघाला तर पुढची दहा वर्षं पारावर त्याला ऐकून घ्यावं लागायचं. लॉइडवाल्यांना पगार देऊन जे उभं करावं लागलं, ते गावात लाजेखातर चालायचं.

शेजारचं गाव, ७२९ तुकडे

मी बोलतेय रहाटणीतून. खिडकीतून बघितलं तर टॉवरच टॉवर, आणि चालत गेलं की पिंपळे सौदागर. आज तिथे मॉल आणि फ्लॅटच्या जाहिराती आहेत. पण अर्थशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत हे गाव वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध आहे.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागरचा घरोघरी, शेतोशेती अभ्यास केला आणि १९१७ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. भारतातल्या एका खेड्याचा इतका बारकाईने केलेला हा सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक. त्यात निघालं काय? १५६ जमीनमालक आणि जमिनीचे ७२९ तुकडे. त्यातले ४६३ तुकडे एका एकराहून लहान, आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान.

पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. सगळे म्हणत होते जमिनीचे तुकडे जोडा. बाबासाहेबांचं म्हणणं असं, की जमीन लहान की मोठी हे नुसतं एकरांवर ठरत नाही. तिच्यात लावायला बैल, अवजारं, भांडवल किती आहे त्यावर ठरतं. आणि आपल्या शेतकऱ्याकडे आहे त्या जमिनीलाही पुरेल इतकं साधन नाही.

हे दोन धागे एकत्र धरा. पाव एकराच्या तुकड्यासाठी कोण स्वतःचं सगळं अवजार घेणार? म्हणून इर्जिक आलं, सावड आली, भाड्याने औत आलं. आणि ज्याला स्वतःचं हवंच होतं त्याच्यासाठी आलं दुसऱ्याचं वापरलेलं. जुनं यंत्र घेणं हा शेतकऱ्याचा कंजूषपणा नाही. लहान जमिनीचा हिशोबच तसा आहे. आज पाच एकरवाला जुना ट्रॅक्टर शोधतो तेव्हा तो हाच हिशोब मांडत असतो.

नाव उभं राहतं तेव्हा

मग यंत्रं लांबून यायला लागली. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली विकायचे, तिथे त्यांनी कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवायला घेतला. शेतकऱ्यांची समजूत, लोखंडाने जमीन बिघडते. सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळ, किर्लोस्करवाडी वसली. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, जे पुढे मोठं मासिक झालं, पण सुरुवातीला कारखान्याचा माल आणि माहिती लोकांपर्यंत नेणारं पत्रक होतं.

इथे एक नवी गोष्ट घडली. शेतकरी आता वस्तूचे दात न मोजता, कारखाना न बघता, नावावर नांगर घ्यायला लागला. फाळ तुटला तर कोणाला पत्र लिहायचं हे त्याला माहीत होतं. अंतर होतंच, पण त्या अंतराच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी पत्ता देऊन बसलेलं होतं.

अमेरिकेत मात्र नावानेच घात केला. नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझियर नावाचा शेतकरी होता. त्याने १९१६ मध्ये ‘फोर्ड’ ट्रॅक्टर घेतला. पण हा हेन्री फोर्डचा नव्हता. मिनियापोलिसच्या एका कंपनीने फोर्ड आडनावाचा माणूस शोधून ते नाव लावलं होतं. ट्रॅक्टर धड चालेना. मग त्याने ‘बुल’ नावाचा घेतला, तोही तसाच. तिसरा, रूमली कंपनीचा, सांगितल्याप्रमाणे चालला. क्रोझियर पुढे विधिमंडळात होता. त्याने आणि सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये कायदा करून घेतला: राज्यात ट्रॅक्टर विकायचा तर त्या मॉडेलची विद्यापीठात चाचणी झालेली पाहिजे आणि सुट्या भागांची सोय राज्यात पाहिजे.

आपल्याकडे वाट थोडी वेगळी होती. १९४७ मध्ये केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी केली, मध्य भारतात कांस गवताने भरलेली जमीन मोडून काढायला. या गवताच्या मुळ्या इतक्या खोल की बैलाचा नांगर तिथे पोचत नाही. आणि सुरुवातीची यंत्रं कुठली? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे टाकलेले जुने ट्रॅक्टर, डागडुजी करून. म्हणजे स्वतंत्र भारताच्या सरकारनेही पहिली खरेदी सेकंडहँडच केली! पुढे १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला शेतीयंत्रांसाठी १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, तेव्हा नवी अवजड यंत्रं आली. १९५५ मध्ये मध्य प्रदेशात, नर्मदेकाठी बुदनीला ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. आज तिथे नव्या ट्रॅक्टरची ताकद, इंधन, लिफ्टची क्षमता मोजून अहवाल निघतो.

पण इथेच एक मोठी फट राहिली. बुदनीचा अहवाल मॉडेलचा असतो. किर्लोस्करांचं किंवा महिंद्राचं नाव नव्या मालामागे उभं असतं. बारा वर्षं उसाच्या ट्रॉल्या ओढून थकलेला एखादा ट्रॅक्टर जेव्हा तिसऱ्या मालकाच्या दारात उभा असतो, तेव्हा त्याच्यामागे ना कंपनी, ना अहवाल. पुन्हा आपण बैलबाजारात येऊन पोचतो, फक्त बैल आठशे किलोमीटर लांब.

कायदा काय म्हणतो

‘फसवलं तर केस करू’ असं म्हणणाऱ्यांनी हे जरा ऐका. मालविक्रीचा आपला कायदा १९३० चा. त्याआधी ही कलमं १८७२ च्या करार कायद्यातच होती. त्याच्या १६ व्या कलमाचा गाभा असा: वस्तू चांगली निघेल अशी हमी कायदा आपणहून धरत नाही. काही अपवाद आहेत. म्हणजे तुम्ही काय कामासाठी हवंय ते सांगितलं, विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबलात आणि तो त्याच मालाचा धंदा करणारा आहे, तर हमी धरली जाते. पण शेतकऱ्याने शेतकऱ्याला विकलेला ट्रॅक्टर? तिथे विकणारा धंदेवाईक नाही. ग्राहक कायद्याचं छत्रही प्रामुख्याने व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालासाठी आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. तुम्ही माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जो दोष दिसायला हवा होता त्याबद्दल नंतर ओरडता येत नाही. म्हणजे नावापुरती तपासणी करणं धोक्याचं. पाठवायचाच तर ज्याला दिसतं असा माणूस पाठवा.

कागदांचंही तसंच. दुसऱ्या राज्यातला ट्रॅक्टर आणायचा तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते. आरसीवर बँकेचा बोजा नोंदलेला असेल तर तो उतरल्याचा कागद लागतो. आणि नाव बदलून घेणं ही विकणाऱ्याचीही गरज आहे: २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की गाडी विकली तरी आरटीओत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर. त्यामुळे कागद करायला टाळाटाळ करणारा विक्रेता दिसला तर समजून घ्या, काहीतरी अडलंय.

रहाटणीतले डोळे

मग लांबचं बघायचं कोणी? याचं उत्तर मला आमच्याच भागात सापडलं.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात जे चालतं, ते म्हणजे मुळात लांबून आलेला माल तपासणं. छोट्या वर्कशॉपमध्ये बनलेला भाग मोठ्या कंपनीत जातो, त्याआधी कोणीतरी गो-नोगो गेज घेऊन उभा असतो. माल निघायच्या आधी कंपनीचा माणूस पुरवठादाराकडे जाऊन तपासतो, त्याला इथली पोरं ‘पीडीआय’ म्हणतात. त्या माणसाचा पगार घेणाऱ्या कंपनीकडून येतो. लॉइडची हिरवी वहीच ही! रहाटणी, काळेवाडी, थेरगावच्या चाळींत आणि सोसायट्यांत असे शेकडो निवृत्त फिटर, टूलरूमवाले, टेस्टबेडवाले राहतात. बरेचसे मूळचे शेतकऱ्याचीच पोरं.

माझ्या मावशीच्या घरी, जुन्नर तालुक्यात, मागच्या वर्षी असाच एक ट्रॅक्टर मोबाईलवर पसंत पडला होता. राजस्थानातला, मागणी ३ लाख ८० हजार. आमच्याकडच्यापेक्षा बराच स्वस्त. मावशीचे पैसे म्हणजे कांद्याचे दोन हंगाम आणि मोडलेल्या पाटल्या. टोकन पाठवायच्या आधी मावसभावाने आमच्या सोसायटीतल्या एका काकांना विचारलं. काका इंजिन टेस्टिंगला तीस वर्षं होते. ते म्हणाले, “फोटोत इंजिनाचा आवाज येत नाही. जाऊन येऊ.” दोघं रेल्वेने गेले.

विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत ट्रॅक्टर चालू करू नका. काकांनी पोचल्या पोचल्या काही न बोलता इंजिनावर तळहात ठेवला. गरम. म्हणजे थंड इंजिन सुरू होताना काय होतं ते दाखवायचं नव्हतं. मग तेल भरायचं झाकण काढलं, तर आतून भकाभका धूर, पिस्टन-रिंगा झिजल्याची खूण. लिफ्टवर वजन टाकून इंजिन बंद केलं, तर लिफ्ट हळूहळू खाली यायला लागली. अवरमीटर मात्र कोवळा आकडा दाखवत होता, आणि पेडलचं रबर पार गुळगुळीत. शेवटी आरसी मागितली, तर बँकेचा बोजा तसाच.

दोघं चहा पिऊन परत आले. मावशीने पुढे शेजारच्या तालुक्यातून, ४० हजार जास्त देऊन, माहितीतल्या माणसाचा ट्रॅक्टर घेतला. काका काही घेईनात. मावशीने त्यांच्या घरी कांद्याची एक गोणी पोचवली.

तुमच्याकडे असे काका नसतील तर

तर तिथला माणूस शोधा. पण तो विक्रेत्याने सुचवलेला नको. ज्या गावात ट्रॅक्टर आहे त्याच्या तालुक्याच्या ठिकाणी त्याच कंपनीचं सर्व्हिस सेंटर असतं. तिथल्या मेस्त्रीला पैसे देऊन बघायला पाठवा, आणि तो तिथे असताना व्हिडिओ कॉल तुम्ही लावा. पैसे तुमच्या खात्यातून जाऊ द्या. ‘मेस्त्रीचं मी बघतो’ असं विक्रेता म्हणाला, तर ती लाल वही झाली.

त्याला काय बघायला सांगायचं? इंजिन थंड असताना सुरू करायला. तेलाच्या कांडीवर चहासारखं दुधाळ तेल दिसलं तर आत पाणी शिरलंय. क्लच आणि गिअर बोज्याखाली, म्हणजे भरली ट्रॉली किंवा जमिनीत लावलेलं औत घेऊन. नुसतं अंगणात फिरवून नाही. पीटीओ चालू करून. पुढच्या ॲक्सलचा खेळ हाताने हलवून. भातखाचरात चिखलणी केलेला ट्रॅक्टर असेल तर मागच्या चाकांची सीलं. आणि चासी नंबर, इंजिन नंबर प्रत्यक्ष लोखंडावरून वाचून आरसीशी जुळवायचे. रोटावेटर, पेरणी यंत्र घेत असाल तर गिअरबॉक्स आणि बेअरिंग. पाती बदलता येतात, वाकलेला सांगाडा नाही.

हे सगळं करून खर्च किती येईल ते ट्रॅक्टरच्या किमतीशेजारी लिहून बघा. आणि वाहतूक धरून तो ट्रॅक्टर स्वस्त राहतोय का, तेही.

अडीचशे वर्षांपूर्वी लंडनच्या विमेवाल्यांना जे कळलं, चाकणच्या बाजारात बैल घेणाऱ्याला जे कायम माहीत होतं, ते एवढंच: लांबच्या मालाला आपला डोळा लागतो, आणि तो डोळा आपल्याला जाब देणारा असावा लागतो. ‘ए-वन’ हा शब्द त्या माणसाने उच्चारला तरच त्याला किंमत.

तुमच्या घरात बैल पारखणारे आजोबा किंवा आवाजावरून इंजिन ओळखणारे काका असतील, तर त्यांच्या युक्त्या आवाजात रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. एक अख्खा भाग त्यांच्यावर करायचाय. पुढच्या वेळी भेटू विहिरीवरच्या मोटेपासून इंजिनपर्यंतच्या प्रवासात. तोवर, टोकन जरा थांबवा.